रविवार सकाळचा हँगओव्हर: काय तपासायचं, काय द्यायचं आणि कधी हात टेकून डॉक्टर गाठायचा

दापोलीच्या खाली समुद्राकडे आमचं घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतो, बारा वर्षं झाली आता. शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी उभं असतंच, डोळे लाल, एक हात चौकटीला टेकलेला, "काकू, डोकं फुटतंय हो, काहीतरी द्या ना." हे इतक्यांदा झालंय की माझा एक क्रम ठरून गेलाय, आधी काय बघायचं, मग काय द्यायचं, कुठे थांबायचं. परत गेलेली पोरं नंतर फोन करूनही विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण आमच्या डॉक्टरांकडे मी इतक्यांना घेऊन गेलेय आणि दर वेळी "हे का दिलंत, ते का नाही" विचारत आलेय, त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते. हँगओव्हर झटकन घालवणारं औषध नाहीये. दुकानात पावडरी मिळतात, गोळ्या मिळतात, मोबाईलवर शंभर उपाय येतात, पण शरीर दारू त्याच्याच वेगाने काढतं आणि नंतरची झीज त्याच्याच वेगाने भरून काढतं. आपण फक्त तोपर्यंतचा त्रास कमी करू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा हँगओव्हरच आहे की दुसरं काही, हे वेळेत ओळखू शकतो.

लक्षणं

डोकं ठणकतं, वाकलं किंवा एकदम उठलं की जास्त. तोंडाला कोरड, जीभ जाड झाल्यासारखी. मळमळ, एखाद-दुसरी उलटी, पोटात आग, कोणाकोणाला जुलाब. उजेड नको वाटतो, भांड्यांचा आवाज नको वाटतो. अंग मोडून आलेलं, छातीत धडधड, थोडा घाम. आणि एक लक्षण पोरं तोंडाने सांगत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं, उगाचच भीती वाटते, उदास वाटतं, रात्री आपण काय बोललो असू याची काळजी लागते. तेही दारूचंच आहे. मेंदूला रात्रभर दाबून ठेवलं की सकाळी तो उलट बाजूला उसळतो, त्यामुळे तशी सकाळ असेल तर त्या मनःस्थितीत कुठलेही मोठे निर्णय घेऊ नका, कोणाला लांबलचक मेसेज पाठवू नका, संध्याकाळपर्यंत बरंचसं निवळतं.

हे सगळं सर्वात जोरात कधी होतं, तर रक्तातली दारू जवळजवळ संपत आलेली असते तेव्हा. म्हणून रात्री तीनला बरा वाटणारा माणूस सकाळी नऊला आडवा असतो. तिथून पुढे हळूहळू उतार पडला पाहिजे, काहींना पूर्ण चोवीस तास लागतात, पण दिशा बरं होण्याकडे हवी. दुपारनंतर त्रास वाढत चालला असेल तर ते हँगओव्हरच्या चालीत बसत नाही.

आता क्रमाने.

सगळ्यात आधी बोला त्याच्याशी, याला पैसे पडत नाहीत

पाणीबिणी नंतर. पहिली दोन मिनिटं मी फक्त समोर बसवून प्रश्न विचारते. नाव काय, कुठे आलायस, काल कोणाबरोबर होतास. किती वाजता थांबलास, काय प्यायलास, बाटली कुठून आणली. पडलास का कुठे, डोक्याला लागलं का. शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. आणि हे त्याला विचारून झालं की त्याच्या मित्रांना वेगळं विचारते, कारण ज्याला आठवत नाही तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच आठवत नसतं.

हे पहिलं का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच, सकाळी दोन उलट्या, डोकं दुखतंय. मित्र म्हणाले झोपू द्या काकू, उतरेल. मीही लिंबूपाणी करायला घेतलं. ते नेऊन दिलं तर त्याने पेला धरला पण तोंडापाशी नेईना, नुसता बघत बसला, आणि मी विचारलं कुठे आलायस तर म्हणाला ऑफिसला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर मागच्या बाजूला केसांखाली लिंबाएवढं टेंगूळ. तेव्हा कुठे एकाला आठवलं की रात्री तो चिऱ्याच्या पायरीवरून घसरला होता आणि उठून हसला होता म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तालुक्याला नेलं, तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलात, डोक्यात रक्तस्राव झाला होता. वाचला. पण अजून दोन तास "झोपू दे, उतरेल" केलं असतं तर मला आजही ते सहन झालं नसतं. तेव्हापासून मी आधी डोक्यावरून हात फिरवते, मग पाणी देते.

प्रश्नांची नीट उत्तरं आली, सरळ चालता येतंय, श्वास नेहमीसारखा आहे, बोलणं जड नाही, तर पुढे जायचं.

मग हिशोब, दारू अजून अंगात आहे का

हाही फुकटचा आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्याचा ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि शरीर ढोबळमानाने तासाला तेवढंच काढतं. म्हणजे एक स्मॉल, एक तास. लार्ज असेल तर दोन. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ चार स्मॉल, हे ऐकून पोरं दरवेळी चकित होतात, त्यांना बियर म्हणजे पाणी वाटतं.

आता नेहमीचं उदाहरण घ्या. तिघांत एक खंबा, ७५० मिली, म्हणजे पंचवीस स्मॉल, प्रत्येकी आठाच्या वर. त्याआधी संध्याकाळी किनाऱ्यावर एकेक स्ट्राँग, ते चार. झाले बारा. आठ वाजता सुरू केलं असेल तर सकाळी आठपर्यंत दारू रक्तात आहेच, आणि घरी हाताने ओतलेला पेग कधी ३० मिलीचा नसतो. बायकांना आणि किरकोळ अंगाच्या माणसाला तेवढ्याच पेगांनी जास्त चढते, कारण शरीरात पाण्याचा वाटा कमी. उतरायलाही मग बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो.

हा हिशोब दोन कारणांसाठी. एक म्हणजे दारू अंगात असताना बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, ते खाली येतंय. दुसरं म्हणजे गाडी. आमचं चेकआउट दहाला, आणि इथून माणगाव आणि मग ताम्हिणी चढून पुण्याला जायचं म्हणजे वळणच वळणं. कायद्याची हद्द रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅम एवढी कमी आहे, आणि रक्तात शून्य झाली तरी हँगओव्हरमध्ये लक्ष आणि हात दोन्ही मंद असतात. मी सरळ सांगते, खोली दुपारी तीनपर्यंत ठेवा, जादा पैसे नको, पण ज्याने काल प्यायली नाही त्यालाच चावी द्या. कोणीच तसा नसेल तर जेवून, झोपून संध्याकाळी निघा, नाहीतर अजून एक रात्र राहा.

पाणी, पण घोटाघोटाने

दारू एका हार्मोनला दाबते, जो मूत्रपिंडाला "पाणी धरून ठेव" सांगत असतो. तो दबला की रात्रभर लघवीला जावं लागतं, प्यायलेल्यापेक्षा जास्त बाहेर जातं, वर उलटी झाली असेल, घाम गेला असेल. कोकणातली एप्रिल-मेची रात्र असेल तर विचारूच नका. म्हणून कोरड, चक्कर, आणि डोकेदुखीचा काही भाग.

पोरं काय करतात, एक लिटरची बाटली तोंडाला लावून संपवतात आणि पाच मिनिटांत ती अंगणात येते. पोट आतून सुजलेलं असतं, एकदम ताणलं की ते फेकून देतं. मळमळत असेल तर मी पेला देतच नाही, वाटी आणि चमचा देते. दर दोन-तीन मिनिटांनी दोन चमचे. पंधरा-वीस मिनिटं टिकलं की मग छोटे घोट. अर्ध्या तासाने अर्धा पेला. कंटाळवाणं आहे पण हेच लागू पडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, चूळ भरायची, परत चमच्यापासून सुरुवात.

पाणी पुरतंय की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी झाली की झालं. गडद, चहासारखी असेल तर अजून हवंय. सहा-आठ तास लघवीच झाली नसेल तर घरात बसायचं नाही.

एवढं मात्र खरं की पाण्याने तहान, कोरड, चक्कर कमी होते, सगळा हँगओव्हर जात नाही. दारू तोडताना शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचा त्रासदायक पदार्थ तयार होतो, शरीराला सूज आल्यासारखी प्रतिक्रिया होते, झोप मोडलेली असते, त्याला पाणी काय करणार. म्हणून "दोन लिटर प्यायलो तरी बरं वाटत नाही" म्हणून अजून चार लिटर ढोसू नका.

मीठ-साखर

उलटी-जुलाब झाले असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ गेलेलं असतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे घरचं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग नको, मीठ जास्त पडलं तर उलट अपाय. साखर चवीसाठी नाहीये, आतड्यात मीठ-पाणी शोषून घ्यायला ती लागते. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर उत्तमच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं-पाऊण नाही. टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर फार आणि जुलाब असतील तर वाढतात.

आमच्याकडे मी कोकम सरबत देते, साखर, मीठ, जिऱ्याची पूड घालून, पातळ. आंबट-खारट चवीने मळमळणाऱ्या तोंडाला जरा बरं वाटतं म्हणून ते पोटात जातं, एवढंच त्याचं काम, पण ते काम मोठं आहे. शहाळं पण चांगलं, पोटॅशियम भरपूर, फक्त त्यात मीठ ओआरएसपेक्षा कमी असतं म्हणून उलट्या जास्त झाल्या असतील तर एकट्या शहाळ्यावर भागवू नका. किडनीचा आजार असेल त्याने शहाळं डॉक्टरांना विचारूनच. सोलकढी सगळे हक्काने मागतात आणि मी सकाळी देत नाही. नारळाचं दाट दूध, वर लसूण-मिरची, हे बिघडलेल्या पोटाला जड जातं. दुपारी भाताबरोबर घ्या, तेव्हा छान.

पोटात काहीतरी जाऊ दे

दारू तोडण्यात यकृत गुंतलेलं असतं तेव्हा साखर तयार करायचं त्याचं काम मागे पडतं. रात्री फक्त चकणा खाल्लेला, सकाळी उपाशी, मग हातपाय गळतात, थरथर, घाम. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला हे धोक्याचं आहे, त्याने सकाळी सगळ्यात आधी ग्लुकोमीटरवर बघावं, ७०च्या खाली असेल आणि शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि मग डॉक्टरांना फोन. तो गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ गाडीत घालून हॉस्पिटल.

बाकीच्यांना आमच्याकडे पेज. उकड्या तांदळाची कणी, पाणी जास्त, मीठ, वरून अर्धा चमचा तूप. ती मऊ शिजायला पाऊण तास लागतो म्हणून शनिवारी कुठल्या खोलीतून रात्री उशिरापर्यंत आवाज आले की मी सकाळी सातलाच तांदूळ चढवते. पहिली वाटी फक्त वरचं पाणी. ते टिकलं की दुसरी वाटी शितांसकट. तिसऱ्या वेळी मेतकूट आणि लोणच्याचा खार. बहुतेक जण दुसऱ्या वाटीला बोलायला लागतात, तिसऱ्या वाटीला मोबाईल शोधतात, तेव्हा मला कळतं की आता हा बरा होतोय. शहरात फ्लॅटवर असाल तर गुरगुट्या भात, टोस्ट, केळं, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी काहीही चालेल. कुकरला चार शिट्ट्या, त्यात अवघड काही नाही. तेलकट-तिखट मिसळीने उतरते हे खोटं आहे, मिसळ मलाही आवडते पण आग पडलेल्या पोटावर तर्री ओतून काय होणार. आल्याचा तुकडा किसून गरम पाण्यात, थोडा गूळ, याने मळमळ बऱ्याच जणांची शांत होते.

झोप आणि चहा

दारू पिऊन लागलेली झोप खरी झोप नसते, रात्रीच्या दुसऱ्या भागात ती सारखी मोडते. आठ तास पडून राहिलं तरी माणूस शिणलेला. म्हणून पाणी आणि पेज झाली की पडदे ओढून, पंखा लावून दोन-तीन तास झोपवायचं, आणि माझ्या अनुभवात याच्यासारखा दुसरा उपाय नाही. फक्त कुशीवर झोपायचं आणि एकाने मधे मधे डोकावायचं.

चहा-कॉफीने दारू उतरत नाही, माणूस फक्त जागा होतो. पण ज्याला रोज सकाळी चहा लागतो त्याचा चहा चुकला तर त्याचंही डोकं दुखतं, म्हणून रोजचा एक कप द्यावा, पेजेनंतर. तीन कप काळी कॉफी रिकाम्या पोटी नको, जळजळ आणि धडधड दोन्ही वाढते. गार पाण्याची आंघोळ जिवाला बरी वाटत असेल तर करा, बसून, दाराला कडी न लावता, चक्कर येऊन न्हाणीघरात पडलेली माणसं मी बघितली आहेत. समुद्रात डुबकी मारून उतरवायला मात्र जाऊ नका, हात जोडून सांगते. ओहोटीला पाणी आत ओढतं, आणि ज्याचा तोल जमिनीवर सुटलाय तो पाण्यात काय करणार.

गोळ्या, इथे घाई करू नका

गोळी मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलीय. पाणी, पेज, झोप याने तासा-दोन तासात डोकं निम्म्यावर येतं आणि अर्ध्या जणांना गोळी लागतच नाही.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे. एरवी साधं औषध, पण ते तुटतं यकृतातच आणि तिथे काल रात्रीपासून कामाचा डोंगर आहे. कधीतरी पिणाऱ्या, बाकी ठणठणीत माणसाने, वरच्या हिशोबाने दारू उतरल्यावर, पोटात काही गेल्यावर ५००ची एक गोळी घेतली तर सहसा चालतं. रोज पिणारा, यकृताचा त्रास असलेला, दोन दिवस नीट न जेवलेला, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि रात्री झोपताना "सकाळी दुखू नये म्हणून" घ्यायची पद्धत तर पूर्ण बंद करा, तेव्हा दारू ऐन भरात असते.

ब्रुफेन, डिस्प्रिन या जातीच्या गोळ्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात, आणि ते अस्तर दारूने आधीच सोललेलं असतं. अॅसिडिटी, अल्सर, उलट्या चालू, किडनीचं काही, रक्त पातळ करायची गोळी चालू, यातलं एकही असेल तर नकोच. कॉम्बिफ्लाममध्ये ब्रुफेनचं औषध आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यावर परत क्रोसिन घेतली की डोस वाढला. पाकिटामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

घाटात उलटी होऊ नये म्हणून येताना अव्होमिन घेतात, ती गुंगी आणते. दारू आणि ती एकत्र म्हणजे गुंगीवर गुंगी. तसंच झोपेच्या गोळ्या, घबराटीच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, यांच्याबरोबर दारू घेतली असेल तर तो माणूस नुसता झोपलाय असं धरून चालू नका, श्वासावर लक्ष ठेवा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल, फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल नावाने मिळतं ते, तर त्यावर दारू वर्ज्य सांगतात, चेहरा लाल होऊन जोरात उलट्या-धडधड सुरू झाली तर ते लगेच डॉक्टरांना सांगा.

उतारा म्हणून सकाळी परत एक पेग, हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात वाईट. बरं वाटतं, कारण रक्तातली दारू शून्याकडे जाताना जो त्रास होतो तो पुढे ढकलला जातो. गेलेला नसतो. दुपारी तोच त्रास, वर नवीन पेगचा.

इथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा

यातलं काहीही एक दिसलं तरी बाकीचे उपाय तिथेच सोडा. हाक मारून, हलवून जागा होत नाही. श्वास फार सावकाश, मिनिटाला आठाच्या खाली, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड. ओठ, नखं निळसर, अंग गार. फिट आली. बरळतोय, ओळखत नाही. डोक्याला मार लागलाय आणि उलट्या किंवा वाढती डोकेदुखी. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं, काळी डांबरासारखी शी. छातीत दुखणं. पोटाच्या वरच्या भागात सतत जोरात दुखून पाठीत जाणं, ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. ताप आणि ताठ मान. घोटभर पाणीही सहा तास टिकत नाही. पोटुशी बाई असेल, अठराच्या आतला पोरगा असेल, तर इतकं होण्याची वाटच बघू नका.

१०८ला फोन करा, नाहीतर ११२. गाडी येईपर्यंत कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून, म्हणजे उलटी श्वासात जात नाही. एकटं सोडू नका, बळजबरीने उलटी काढू नका, तोंडात पाणी-लिंबू-ताक काही ओतू नका. आणि पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने अर्धा तास घालवू नका, डॉक्टरांना किती प्यायलाय ते खरं सांगा, त्यांना उपचारासाठी ते लागतं.

बाटलीचं वेगळं सांगते. सील नसलेली, कुठल्या तरी खोपटातून आणलेली, हातभट्टीची दारू असेल आणि बारा ते चोवीस तासांनी नजर अंधूक झाली, डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसायला लागलं, पोटात जोरात दुखायला लागलं, श्वास भराभर चालला, तर तो हँगओव्हर नाही, ती मिथेनॉलची विषबाधा आहे असं धरूनच पळायचं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्याची नस जाळतं. त्यावर उतारा-औषध आणि डायलिसिस आहे पण ते मोठ्या हॉस्पिटलातच, आणि तिथे तासांचा फरक पडतो. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसं गेली. त्याच बाटलीतून प्यायलेल्या बाकीच्यांनाही बरोबर न्या, त्यांना अजून काही होत नसलं तरी. बाटलीही बरोबर घ्या.

हाच प्रॉब्लेम परत परत येत असेल तर

आमच्याकडे एक गृहस्थ दरवर्षी डिसेंबरात यायचे, चांगला माणूस, माझ्या सासूबाईंना औक्षणाला साडी आणायचे. सकाळी त्यांचे हात इतके थरथरत की कप बशीवर वाजायचा, आणि पहिला पेग गेला की हात स्थिर. त्याला मी बरीच वर्षं हँगओव्हरच समजत होते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की हँगओव्हर जास्त प्यायल्याने होतो, आणि ही थरथर दारू मिळाली नाही म्हणून होते. अशा माणसाने एकदम "आजपासून बंद" केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, ताप, आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याला शपथा घालू नका, खोलीत कोंडू नका, बाटल्या मोरीत ओतू नका. आधी डॉक्टर, औषधाखाली सोडवणं. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतंय, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६ आहे. त्या गृहस्थांच्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती आमच्या मागच्या पडवीत बराच वेळ रडली, आणि म्हणाली की इतकी वर्षं कोणी हे असं सांगितलंच नाही, सगळे फक्त लाज वाटू दे म्हणाले. आता ते दोघं येतात, आणि ते माझ्याकडचं कोकम पितात.

बाकी कधीतरी पिणाऱ्यांसाठी: जेवून मग प्या, दोन पेगांमधे एक पेला पाणी, रम-व्हिस्कीसारख्या गडद दारूत इतर घटक जास्त असतात त्यामुळे तेवढ्याच व्होडकापेक्षा सकाळ जास्त वाईट जाते, आणि किती प्यायलो हे मोजायला पेगमेजर वापरा. शनिवारी रात्री अकराला मी प्रत्येक खोलीबाहेर एक झाकलेला तांब्या, एक पेला आणि एक रिकामी बादली ठेवते, आणि ज्या खोलीत जास्त झालीय तिथल्या सगळ्यात शुद्धीवर असलेल्या पोराला दाखवून येते, हा मित्र कुशीवर झोपलाय ना, पाठीमागे उशी लाव, दोनला उठून एकदा बघ, आणि काही वाटलं तर माझी खिडकी ही, वाजव.